दाराजवळची खुर्ची

लातूर, शनिवार संध्याकाळ

उद्या प्राध्यापकांचं प्रशिक्षण. गणिताचं सॉफ्टवेअर प्रत्येकानं स्वतः चालवून बघायचं. हॉलमध्ये संगणक लागले, पण कुणाला कुठं बसवायचं? निलंग्याच्या शिंदे मॅडमचा फोन आला, "सर, मला दाराजवळ बसवा. भूकंप झाल्यापासून आत बसवतच नाही." बरं म्हणालो. मग उदगीरचे कुलकर्णी सर, "आपलं दाराजवळच बघा बरं का, लई आत नको." त्यांनाही बरं म्हणालो. दार एकच! चिडलोच. शिकलेली माणसं, इतकं काय भ्यायचं?

तेवढ्यात वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरांनी बाकं ओढली. छत गडगडलं आणि मी व्हरांड्यात, अनवाणी.

तिथून दिसलं. शिकवायचं टेबल मी फळ्यापाशी नाही, दाराशी मांडलंय.