अक्कांनी न चाखलेलं पाणी

५ ऑगस्ट, मंगळ.
आठवा आठवडा. सकाळपासून चार उलट्या. डॉ. म्हणाल्या, आल्याचं पाणी थोडं थोडं घेऊन बघा, नाहीतर सलाईन लावू. अभि आलं आणायला निघाला आणि दारातच थांबला. या घरात आलं येत नाही. सासूबाई, म्हणजे अभिची आई अक्का, जैन. कंदमुळं वर्ज्य, त्यात चातुर्मास. सर्दीला सुंठ चालते, ओलं आलं नाही. मी म्हटलं, राहू दे.
अक्का आतून, "राहू दे काय? पोरगी वाळून चाललीया. आण जा."
गेल्या वर्षी दहाव्या आठवड्यात मूल गेलं. तेव्हापासून त्या त्याबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत.

६ ऑगस्ट
पहिला घाट फसला. आलं वाळलं की सुंठ तिखट होते, म्हणजे ओलं आलं मवाळ असणार, असा अक्कांचा अंदाज. बोटभर आलं किसून काढ्यासारखं निम्मं होईपर्यंत आटवलं. एका घोटात डोळ्यांतून पाणी, मग उलटी.
"मला काय ठावं? म्या कधी जिभंला लावलंय व्हय?"
बेसिन धरूनच मी हसले.

८ ऑगस्ट, शुक्र.
आल्याला वेगळं पातेलं, वेगळी सुरी. पाणी नेहमीसारखं फडक्यातून गाळलेलं. चार पातळ चकत्या, उकळी आली की गॅस बंद, वर झाकण. मग झाकण उचलून वास. नाकात टोचला तर जास्त, नुसता आला तर बरोबर. लिंबू, चिमूटभर मीठ.
अर्धा कप पोटात राहिला. दुपारी मऊ भातही.
माझ्या माहेरी, राधानगरीला, आल्याशिवाय चहा होत नाही. पण असं नेमकं पाणी तिथं कुणी केलेलं आठवत नाही. आणि या बाईनं आयुष्यात ते चाखलेलं नाही. मला जमलं नसतं.

११ ऑगस्ट
एका तुकड्याला कोंब होता. अक्कांनी सुरी खाली ठेवली.
"ह्येला डोळा फुटलाय. ह्यो न्हाय चिरत." गॅलरीतल्या कुंडीत लावून टाकला.
मी विचारलं, आणि रोज चिरता ते?
"त्येचं मी बघती. रोज देवापुढं सांगती की."
म्हणजे सकाळी जपाला हल्ली जास्त वेळ लागतो, तो यासाठी. आत जाऊन रडले.

१४ ऑगस्ट, गुरु.
वजन तीनशे ग्रॅम वाढलं. सूर्यास्तानंतर अक्का स्वतः पाणीही घेत नाहीत, पण माझा थर्मास भरतात. अभि म्हणाला, एकदा चाखून तर बघ.
"चाखायचं कशाला? हिच्या तोंडाकडं बघिटलं की कळतंय."

१८ ऑगस्ट, सोम.
दहावा आठवडा. आज मळमळ नाही. दात घासतानाही नाही.
गेल्या वेळी अशीच थांबली होती. अभिला अजून सांगितलं नाही. सोनोग्राफी उद्या अकराला.
अक्कांनी विचारलं, "आज उलटी?"
नाही म्हटलं.
"बरं," एवढंच. चेहरा हसला नाही. पातेलं ठेवलं, चकत्या केल्या, जाड झाल्या. झाकण उचललं, पण वास घ्यायचा राहिला.
पाणी तिखटजाळ झालं होतं. मी सगळं प्यायले. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.