अव्वाच्या पायातला जोर

चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर
११ ऑगस्ट २०२५

काव्याअक्कास,
शांत्याचा नमस्कार.

हे पत्र तीन आठवडे टाळतोय. कागद आणला तर पेन नव्हतं. पेन मिळालं तर गेटवरच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यात दोन दिवस गेले. पाच आहेत, एक अगदी पांढरं. तुझे फोन उचलत नाही, कारण फोनवर तू डॉक्टरसारखं विचारतेस आणि मी खोटं बोलतो.

इथे टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. हातपाय चालेनासे होतात आणि स्कॅनमध्ये काही दिसत नाही, असल्या लोकांची माझी थोरली बहीण, माझी अक्का, डॉक्टर आहे, बंगळूरला त्यांच्या मेंदूचे फोटो काढून अभ्यास करते, हे इथे सगळ्यांना मीच सांगतो. सांगताना पोटात जळतं. तरी सांगतो.

आता अव्वाचं. तिचा उजवा पाय लुळा पडला तेव्हा मी घरी परतलो. आधीची चार वर्षं विजापूर, हुबळी, ट्रकवर, ढाब्यावर, कुठं कुठं भटकलो. माझ्यावाचून कुणाचं अडलं नाही. मग आठ महिने तिला पाठीवर घेऊन दर सोमवारी सिद्धेश्वरच्या देवळात नेलं. हारवाली म्हणायची, कमलम्मा, पोरगं असावं तर असं, आईला पाठीवर आणणारं. अक्का, मला जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं.

इथला स्कॅन नॉर्मल आला तेव्हा मावशी म्हणाली, ढोंग आहे. मी तिच्याशी भांडलो. मग तू आलीस. अव्वाला झोपवून उजव्या टाचेखाली हात ठेवलास आणि डावा पाय उचलायला सांगितलास. डावा उचलताना उजवा आपोआप खाली दाबला गेला. तू माझाही हात तिथं ठेवलास. लई जोर होता. तू म्हणालीस, "अव्वा, पाय शाबूत हाय. मेंदूचा निरोप तेवढा वाटेत अडतोय. तू ढोंग करत न्हाईस."

तिसऱ्या दिवशी ती मोरीपर्यंत चालली. गल्ली तुला बघायला लोटली. मी दारातल्या चपला सरळ करत होतो.

तू गेल्यावरही दिवसभर तुझेच व्यायाम, तुझंच नाव. सोमवारी मी पाठ वाकवली तर म्हणाली, नगं, काव्यानं चालायला सांगितलंय.

मी म्हणालो, "काव्या माझ्याजवळ काय म्हणली ठाव हाय का? म्हणली, अव्वाला काय बी झालेलं न्हाय, नाटक करतीया."

एवढंच खोटं. लिहायचं होतं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिचा पाय परत उचलेना. ती तुझा फोन घेत नाही ते यामुळं. तुझं काही चुकलं नाही. मला वाटलेलं, आता पुन्हा माझी पाठ लागेल. तीही तिनं मागितली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. आठ दिवस ते बघितलं, मग तिला मावशीच्या हवाली करून पळालो. मावशीला इथला पत्ता तेवढा कळवलाय.

थांब, वॉचमन येडू खालून हाका मारतोय. कुणी बाई आलीय म्हणे, शांत्या कुठं हाय विचारतीया.

खिडकीतून बघितलं. अव्वा आहे. काठी टेकत आलीय, बरोबर कुणी नाही. उजवा पाय ओढतेय, पण टेकतेय. येडूनं खुर्ची दिली तर बसत नाहीये.

तुला आधी लिहिलं, पण सांगायचं होतं तिला. जातो. पाकीट येडूकडं देतो, तो टपालात टाकेल. माझा भरवसा नाही.

तुझ्यावर जळणारा,
शांत्या