बिल्ला नंबर ४१७

ता. ३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथे कारखान्यात आम्हा रक्षकांचा मोबाइल फाटकावर जमा होतो, म्हणून पत्र. पाठवलेल्या फोटोवर तू म्हणालीस तसा गणवेश ढगळच आहे, बांबूला सदरा अडकवल्यासारखा. हसून घे, पुढे हसू येणार नाही.

तांब्याची तार चोरल्याच्या संशयावरून एका कामगाराला आमच्या केबिनमागच्या खोलीत कोंडलंय. आज चौथा दिवस. सुपरवायझर मारतो, दार मी धरतो. काल त्याने पाणी मागितलं. हुकूम नव्हता, म्हणून दिलं नाही. ताई, मला माझीच लाज वाटते.

आमच्या रक्षक कंपनीला परवाना देणाऱ्या तुमच्या कार्यालयाला परवा तक्रार टाकली. बहिणीच्या जिवावर उड्या मारतो असं कुणी म्हणायला नको, म्हणून नाव घातलं नाही, नुसता बिल्ला नंबर. तुझ्यापर्यंत आलीच तर ओळख दाखवू नकोस.

भाच्याला पापा. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. ७

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र आजच मिळालं. ती तक्रार सोमवारी माझ्याच टेबलावर आली होती. टाईप केलेली, नाहीतर तुझं अक्षर हजारात ओळखलं असतं. आमच्याकडची रीत अशी, की मूळ कागद जसाच्या तसा कंपनीकडे खुलाशाला पाठवायचा. अकरा वर्षं तेच करतेय. पाकीट मीच चिकटवलं रे.

तुझा फोन लागत नाही. साहेबांना म्हटलं, तपासणीला चला. खुलासा येईपर्यंत जाता येत नाही म्हणाले. पोलीस म्हणाले, आधी तुमच्या ऑफिसने बघावं. तू शहाणपणा करू नकोस, अंगावरच्या कपड्यांनिशी निघून ये. त्या माणसाचं मी बघते.

जिवाला जप, एवढंच मागणं.

ताई

ता. १२

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या भाड्याच्या खोलीवर जाऊन आले, कुलूप आहे. आज कंपनीचा खुलासा आला, एकच ओळ: ‘बिल्ला क्रमांक ४१७चा रक्षक आमच्या सेवेत कधीही नव्हता.’ साहेब म्हणाले, समाधानकारक आहे, फाईल बंद करा. त्यावर सही माझी लागते. मी केली नाही.

ज्या फोटोला हसले होते, त्यात बिल्ल्यावरचा आकडा स्वच्छ दिसतो. तो फाईलला टाचून सकाळपासून तुमच्या फाटकाशी उभी आहे. आत सोडत नाहीत. इथल्या रक्षकाकडे पाणी मागितलं, त्याने मान खाली घातली. त्यालाही हुकूम नसेल. हे पत्र त्याच्याच हातात देते. तू त्या केबिनमागच्या खोलीत असलास तर तो दाराखालून सरकवेल, असं वाटतं.

माझ्यावर लोभ ठेवू नकोस, चालेल मला. तू फक्त अस.

ताई