ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी

४ मार्च, सोमवार

आज तिकीट काढलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पास फेब्रुवारीबरोबर संपला, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दोघांचे पास काढून आणायचं काम यांचं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझा पास चष्म्याच्या डबीखाली ठेवलेला असायचा. कधी विचारलंही नाही, रांग केवढी होती, किती वेळ उभे होतात.

तीन आठवड्यांनी कामावर गेले. रुग्णालयाच्या धुलाईघरात सगळं तसंच. मुकादमबाईंनी चादरींचा गठ्ठा नेहमीपेक्षा लहान दिला, तेवढंच. सहा ते दोन घड्या घातल्या. हात आपले आपण चालतात, बरं आहे.

परतीच्या बसला शिट्टीवाला कंडक्टर होता. तोंडानेच शिट्टी मारतो, म्हणून आमच्यात त्याचं हे नाव. “मावशी, कुठं गायब? तुमची खिडकी वाट बघून दमली!” ड्रायव्हरच्या बाजूची तिसरी खिडकी. तिथेच बसते मी, तिथे कुणी बसलेलं असलं तर मागे-पुढे बघते, पण बाजू तीच. त्याला काही माहीत नाही. मी नुसतं “बरं नव्हतं” म्हटलं.

दोन वीसला पूल आला. समोरून यांची बस आली. आमच्या खिडक्या समोरासमोर येतात — आठ सेकंद, गर्दी असली तर दहा. मी सकाळी पाचला घराबाहेर, हे दुपारी दोनला. हे बाटल्यांच्या कारखान्यातून येतात अकराला, तेव्हा मी झोपलेली. घरात दोघंच माणसं, आणि जागेपणी एकमेकांचं तोंड बघायचं ते पुलावर! मी चष्म्याला बोट लावून दाखवायचे — घातलाय, घरी विसरले नाही. हे डबा वर करायचे — घेतलाय, ओट्यावर विसरलो नाही. दोघंही विसराळू. बावीस वर्षं हा खेळ.

आज त्या खिडकीत कुणीतरी पोरगी पेंगत होती. तरी माझं बोट चष्म्याकडे गेलंच.

आणि मग तोच प्रश्न. हे पुलावर पडले. बसमध्ये नाही, पुलावर, पायी चालताना. खिशात पास असलेला माणूस पायी कशाला चालेल?

५ मार्च, मंगळवार

खिडकी मिळाली नाही. उभ्यानेच आले. बरं झालं.

७ मार्च, गुरुवार

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

थंडी सुरू झाली तेव्हापासून हे त्या खिडकीत दिसेनासे झाले. पहिले दोन दिवस काही वाटलं नाही. मग विचारलं, तर म्हणाले, “गर्दी असते गं, खिडकी मिळत नाही.” बावीस वर्षं मिळत होती ती! एका रविवारी मी चिडून बोलले, “सरळ सांगा ना, बायकोचं तोंड बघायचा कंटाळा आलाय.” हे हसले. “अगं, मी असतो. तूच बघत नाहीस.”

चोर तो चोर, वर शिरजोर! मी अबोला धरला. रोज बघत मात्र होते, डोळे फाडफाडून. पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत. अबोल्यात तीन आठवडे गेले, आणि नऊ फेब्रुवारी आली.

त्या दिवशी आमची बस पुलाच्या तोंडाशी अडकली. “कुणीतरी पडलंय फुटपाथवर,” असं पुढून आलं. सगळी बस दाराच्या बाजूला झुकली. त्या पुलाला फुटपाथ एकाच बाजूला आहे, आमच्या दाराच्या बाजूला. बस पुढे सरकली तेव्हा माणसांची पाठच दिसत होती म्हणे, पडलेला काही दिसला नाही. मी उठलेच नाही. उठले असते तर जागा गेली असती, आणि यांची बस यायची वेळ झाली होती. ती आली. हे नव्हते. मी मनात म्हटलं, आजही नाहीच ना!

पडलेले हेच होते. मी जागा धरून बसले.

साडेचारला आमच्याच रुग्णालयातून फोन. ज्या खाटेवर ठेवलं होतं तिथली चादर माझ्या हातची, कोपऱ्याची दुमड मी ओळखते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “दम लागेल असं काही करायचे का? फार चालणं, चढणं?” मी म्हटलं, “छे, बसने जातात.”

९ मार्च, शनिवार

खालची शिवणकामवाली सहज म्हणून बोलली. मशीन दाराशीच असतं तिचं, आल्यागेल्याची खबर तिच्याकडे. “भाऊ अगदी घड्याळासारखे हो वहिनी. रोज सव्वाला म्हणजे सव्वाला बाहेर.”

सव्वाला? बस दोन पाचची. स्टॉप कोपऱ्यावर.

“सव्वाला कसं जातील? दोनला जायचे ते.”

तिने सुईत दोरा ओवता ओवता जीभ चावली. “पूर्वी दोनला जायचे. आता चार-एक महिने…” आणि मग एकदम तिला माझ्या ब्लाउजच्या मापाची आठवण झाली.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “वहिनी, दादा गेला. आता उकरून काय काढायचंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.” म्हणजे हिलाही वाटतंय की मुठीत काहीतरी आहे!

रोज पाऊण तास. कुठे घालवत होते?

११ मार्च, सोमवार

येताना पुलाच्या आधीच्या स्टॉपवर उतरले, रस्ता ओलांडला आणि यांच्या बसच्या कंडक्टरला गाठलं. जाडगेला, मिशीवाला. हे त्याच्याबद्दल नेहमी सांगायचे, सुट्टे परत करायला रडतो म्हणून. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला.

“हे? ओळखतो की! बाटलीवाले. पण मावशी, थंडीपासून नाही दिसले. मला वाटलं नोकरी सोडली.”

फोटो पुन्हा नीट बघायला सांगितला. “नाही हो. आपल्या बसला नाहीत. चार महिने तरी झाले.”

गर्दी असते गं, खिडकी मिळत नाही.

१२ मार्च, मंगळवार

खोटारडे! खोटारडे! खोटारडे!

१४ मार्च, गुरुवार

कारखान्यातून निरोप होता, कपाट मोकळं करून न्या. अर्धा दिवस रजा काढून गेले. फोरमननी खुर्ची दिली, पाणी दिलं. चांगला माणूस. कपाटात टॉवेल, कंगवा, पावडरचा डबा, एक इस्त्रीचा सदरा.

पावडर! लग्नात लावली असेल तेवढीच. घरी मी कधी पुढे केली तर म्हणायचे, “मी काय नाटकात काम करतो?” आणि इथे पावडर, कंगवा, वर जास्तीचा सदरा. तो निळा. मी चार वेळा शोधला होता घरभर.

फोरमनकडे बघायची लाज वाटत होती. तरी विचारलं, “रात्री बसनेच यायचे ना?” ते म्हणाले, “नाही, आमचा वेल्डर तुमच्याच बाजूला राहतो. त्याच्या स्कूटरवर.” हेही मला माहीत नाही. बावीस वर्षं संसार केला की शेजार केला?

येताना बसमध्ये पिशवी मांडीवर. पावडरचा वास सगळीकडे. खिडकीबाहेर बघितलंच नाही आज. काय बघायचं! तिचं नाव-गाव तरी कळावं असं वाटतंय. मग वाटतं, नको. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा केवढा अन्याय आहे. जिवंत असते तर दोन भांडी आपटली असती, हे हसले असते, आणि सगळं बाहेर आलं असतं.

ओट्यावर रात्री यांचा डबा घासून पालथा घातला. का, ते विचारू नये.

१६ मार्च, शनिवार

रोज तिकीट परवडत नाही. पासाच्या खिडकीवर गेले. पाऊण तास रांग. पुढे दोघीजणी भाववाढीवरून कुरकुरत होत्या. खिडकीतला कारकून म्हातारा, कानावर पेन. माझं कार्ड बघून मान वर केली.

“आज तुम्ही? साहेब नाही आले?”

सांगितलं. त्याने पेन कानावरून काढून ठेवलं. मग मीच निर्लज्जासारखं विचारलं — त्यांचा पास शेवटचा कधी काढला होता?

त्याला वही बघावी लागली नाही. म्हणाला, “ऑक्टोबरचा, तो शेवटचा. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढलं ना. साहेबांनी दोन्ही पासांचे किती ते विचारलं. मग बाजूला जाऊन उभे राहिले बराच वेळ. परत आले आणि म्हणाले, एकच द्या. मी म्हटलं, कुणाचा? त्यांनी तुमचं कार्ड सरकवलं. म्हणाले, कारखान्याने प्रवासभत्ता बंद केलाय, आणि तिचे गुडघे दुखतात. तेव्हापासून दर महिन्याला तुमचाच.”

मागची माणसं ओरडायला लागली. मी पास घेतला आणि बाकावर बसले.

सव्वाला निघायचे, कारण चालत जायचे! घरापासून पूल एक तास, पुलापासून कारखाना पंचवीस मिनिटं. दुपारच्या उन्हात. घामाने भिजायचे म्हणून टॉवेल. म्हणून पावडर. म्हणून तो निळा सदरा. आणि मी काय काय चितारलं! अठ्ठेचाळीस तास मी एका बाईला शिव्या दिल्या, जी जन्मालाच आली नव्हती.

मला सांगायचं नाही? सांगितलं असतं तर मी माझा पास फाडून टाकला असता, हे यांना पक्कं ठाऊक. मग दोघं चालत बसलो असतो. नाहीतर भांडून अर्धा-अर्धा महिना वाटून घेतला असता. घेतला असता की! तेवढा विश्वास नव्हता का माझ्यावर?

घरी येऊन यांचे बूट काढले खाटेखालून. उलटे केले. तळवा नवा, शिवलेला, आणि तोही टाचेला झिजलेला. बूट मी रोज खाटेखाली सरकवत होते. उलटा करून कोण बघतं!

डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं होतं, छे, बसने जातात.

खूप रडले आज. खालचं मशीन थांबलं होतं बराच वेळ, तिला ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

१७ मार्च, रविवार

नणंदेला सांगितलं सगळं. तीही रडली. “दादा लहानपणापासून असाच, चप्पल तुटली तरी सांगायचा नाही.”

एकच टोचतंय. मी अबोल्यात असताना हे गेले. चाललेही एकटेच. आठ सेकंदसुद्धा मिळाले नाहीत यांना, तीन महिने.

१९ मार्च, मंगळवार

ड्रायव्हरच्या बाजूला जागा नव्हती. दाराशेजारची एकटी सीट मिळाली, बसले. आता कुठेही बसलं तरी काय!

पूल आला. शिट्टीवाला दारात होता. त्याने शिट्टी थांबवली, बाहेर डोकावला, हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. फुटपाथ इतका जवळ — हात लांब केला तर माणसाला लागेल.

“कुणाला हात करत होतास?”

“काही नाही मावशी, सवय. इथे एक काका असायचे चालत. समोरून यायचे. आपली बस दिसली की थांबायचे, कठड्याला टेकायचे आणि डबा वर करायचे. रोज! ऊन असो, काही असो. हसायचे पण किती. मला वाटायचं, मलाच विचारतात, जेवलास का? मी पण हात करायचो. महिना झाला, दिसत नाहीत.”

मी पलीकडच्या तिसऱ्या खिडकीकडे बघितलं. तिथून दाराकडे पाठ येते.

“‘जेवलास का’ असं नाही रे,” मी म्हटलं. “डबा विसरलो नाही, असं सांगायचे ते.”

“तुम्हाला काय माहीत?” तो म्हणाला.