अंदमानच्या वाटेवरची विहीर

९ फेब्रुवारी
अंदमानची तिकिटं काढली. १२ मे ते १७ मे. मी आणि केतकी, दोघीच. बारावी झाली की लेक पुण्याला जाणार, मग कुठली एकत्र सुट्टी! ती पाचवीत असताना तिला म्हटलं होतं, समुद्र दाखवीन. सात वर्षं म्हणजे काही फार उशीर नाही.
गुरुजी येणार नाहीत. गुरुजी म्हणजे आमचे हे. आमचं हिंगोलीकडचं सगळं गोरेगाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून डायरीत मीही. तक्रार आदराने करता येते. मे महिन्यात त्यांना नऊ लग्नं लावायची आहेत.
केतकीला स्कूबा डायव्हिंग करायचंय. मी म्हटलं, एकटी नाही उतरायचं, मी पण येणार, तुझा हात धरून. ती माझ्याकडे बघतच राहिली. अभिमान वाटला असणार.
संकल्प: मेपर्यंत पोहायला शिकणे. तीन महिने आहेत. लोक तीन महिन्यांत इंग्रजी शिकतात.

१२ फेब्रुवारी
मिराबाई दूध घालायला आली तेव्हा विषय काढला. तांड्याजवळ तिचं शेत, शेतात पायऱ्यांची विहीर. तांड्यावरची निम्मी लेकरं तिनेच पोहायला शिकवली. म्हणाली, या की बाई, पाठीला डबा बांधते, आठ दिवसांत मासोळी करते तुमची. मी सहज विचारलं, पाणी किती आहे. म्हणाली, तीन माणसं बुडतील एवढं. मी विचारलं, एकावर एक? म्हणाली, मंग काय बाजूबाजूला?
सोमवारपासून नक्की.

१७ फेब्रुवारी
गेले. पायऱ्यांपर्यंत. पाणी फार गार होतं. थंडीत सुरुवात करणं शास्त्रीय नाही. मिराबाईला तसं नीट समजावलं. तिने डबा परत खुंटीला अडकवला. म्हणाली, बरं, ऊन तापू द्या.

२ मार्च
पाण्यात उतरण्याआधी थिअरी पक्की हवी. यूट्यूबवर अकरा व्हिडिओ पाहिले. मग चौरंगावर पालथं पडून हातपाय मारायचा सराव, वीस मिनिटं. खाली पाणी नसलं की माझी स्टाइल उत्तम आहे.
गुरुजी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, सत्यनारायणाला चौरंग न्यायचाय, पलीकडच्या काठाला पोचलीस की सांग.
या घरात प्रोत्साहन शून्य.

९ मार्च
आज श्वासाचा अभ्यास. बादलीत तोंड घालून आकडे मोजले. पहिल्यांदा सात सेकंद. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा पाण्याला कसलासा वास आला, म्हणून थांबवलं.

२४ मार्च
केतकीची परीक्षा संपून दहा दिवस झाले. संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तांड्यावर गेली आणि आठवड्याभरात बिनडब्याची पोहायला लागली. वयाचा फायदा, दुसरं काय. मला म्हणाली, आई, चल ना, मी धरते तुला. मी म्हटलं, मार्चएंड आहे. म्हणाली, पोस्टात मार्चएंड सकाळी सहाला पण असतो का?
हल्लीची मुलं फार बोलतात.

२ एप्रिल
पोस्टात कारकून असण्याचा एक तोटा. मी ऑनलाइन मागवलेला स्विमिंग सूट माझ्याच काउंटरवर आला. पोस्टमन सुदामने पार्सल हातावर तोललं. म्हणाला, मॅडम, यात कायी हाय की नुसतीच पिशवी? मी म्हटलं, पुस्तक आहे. वाचून झालं की मला द्या म्हणाला.
घरी दार लावून घालून पाहिला. बाकीचा अर्धा पाठवायचा राहिला असावा. समुद्राला पंजाबी ड्रेसच योग्य.

१६ एप्रिल
मिराबाईने आज अडवलंच. काहून येऊन नाही राहिल्या बाई? पानी खाली चाललं, हाय तवर शिकून घ्या. मी म्हटलं, मान अवघडली आहे. (खरंच. चौरंगामुळे.)
त्यात केतकीने टूरचं माहितीपत्रक वाचून दाखवलं. स्कूबासाठी पोहता यायची गरज नाही, सोबत शिकवणारा माणूस असतो. म्हणाली, म्हणजे तू घाबरायचं कारण नाही. मी घाबरले असं म्हटलं होतं का कधी? उलट जरा निराशच झाले. एवढी तयारी केलेली.

३ मे
बातम्यांत सांगितलं, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय. गुरुजी म्हणाले, असे पट्टे येतात आणि जातात. यांना उपसागराचा काय अनुभव? मी मोबाइलवर हवामानाचं अॅप घेतलं. शेवटी लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे.

४ मे
सकाळी ६.१०. अंदमानला वारा ताशी चाळीस किलोमीटर.
८.३०. बेचाळीस!
११.१५. पोस्टात गर्दी. तरी पाहिला. पंचेचाळीस. एका आजोबांना स्टॅम्पऐवजी आंतरदेशीय दिलं.
सायंकाळी ५. अडतीस. मन एकदम खट्टू झालं. का, ते कळलं नाही. बहुधा ऊन बाधलं.

६ मे
ट्रिप रद्द केली.
ट्रॅव्हल्सवाला हिंगोलीहून फोनवर म्हणाला, मॅडम, तकलीफ काय आहे? अजून वादळ झालंच नाही. दोन दिवस थांबून बघा. मी म्हटलं, आईच्या काळजाला विचारा. म्हणाला, ते बराबर आहे, पण आईच्या काळजावर विमान कंपनी चालत नाही. उद्धट माणूस.
केतकी संध्याकाळी मैत्रिणीकडून आली, तेव्हा सांगितलं. मला वाटलं होतं भांडेल. तिने बॅगेतले कपडे काढले आणि घडी न मोडता कपाटात परत ठेवले. समजूतदार आहे. जेवली नाही, पण समजूतदार आहे.

८ मे
पट्टा विरला. वादळ झालंच नाही, त्यामुळे त्याला नाव देण्याचीही वेळ आली नाही. ज्याला बारसंसुद्धा लाभलं नाही अशा वादळाला मी घाबरले. म्हणजे, सावध राहिले.
अंदमानात निरभ्र आकाश. गोरेगावात मात्र संध्याकाळी वावटळ आली आणि माझ्या निम्म्या कुरडया शेजारच्यांच्या गच्चीवर गेल्या. त्यांनी त्या आमच्याच आहेत हे मान्य केलेलं नाही.

१२ मे
आजचं विमान होतं.
केतकी सहा दिवस कामापुरतं बोलते आहे. मीठ दे. दार लाव. गुरुजी सकाळी लग्नाला निघाले. चपला घालता घालता म्हणाले, वादळ आलं असतं तर तुझी सुटका झाली असती, नाही? रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.
चहा घेऊन केतकीजवळ बसले. हवामान खात्याबद्दल दोन वाक्यं बोलले. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, आई, तू पाण्याला भितेस हे मला केव्हाचं ठाऊक आहे. तू काठावर माझ्या चपला सांभाळत बसली असतीस तरी मला चाललं असतं. तिथे आपण दोघी असतो ना. वादळ कशाला मध्ये घातलंस?
चहा तसाच राहिला.
ही डायरी कुणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. मला पाण्याची भीती वाटते. फार वाटते. इतकी, की मी लेकीची सुट्टी बुडवली.
तिच्या खोलीत परत गेले. म्हटलं, उद्या सहाला विहिरीवर येते.

१३ मे
गेले. पंजाबी ड्रेस, पाठीला डबा. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, मग डोळेच मिटले. केतकीने हात धरून उतरवलं. पायऱ्या संपता संपेनात. पावलांना पाणी लागलं. मिराबाई म्हणाली, सोडा अंग. मी मारुतीचं नाव घेतलं आणि झोकून दिलं.
नाकात पाणी, कानात पाणी. अकराच्या अकरा व्हिडिओ एकदम आठवले, उपयोगी एकही पडला नाही. दूध तापवायचं राहिलंय, तेही आठवलं. केतकी, केतकी म्हणून ओरडले. पण बुडत नव्हते! हातपाय चालत होते, विहीर माझ्याभोवती फिरत होती आणि मी वर होते! माझ्या हिशेबाने पंधरा मिनिटं. केतकीच्या हिशेबाने दीड.
मग लक्षात आलं, मिराबाई माझ्या शेजारी नुसती उभी आहे. कमरेवर हात ठेवून. म्हणाली, बाई, पाय टेकवा की आता.
टेकवले. पाणी कमरेला लागत होतं.
मी विचारलं, तीन माणसांचं पाणी गेलं कुठे? म्हणाली, तुमी फेब्रुवारीपासून येऊन राहिल्या. ते किती दिस वाट बघंल?
केतकी पायरीवर बसून पोट धरून हसत होती. हसता हसता तिला बोलताही येईना. सात दिवसांनी हसली. मी तशीच पाण्यात उभी राहिले, डबा पाठीला. तिचं हसून होऊ दिलं.
डोळे पुसत म्हणाली, आई, उद्या परत येऊ या. मिराबाई म्हणाली, या, पन आज दुपारी मोटर लावायची हाय, भेंडी सुकून राहिली. उद्या गुडघ्याएवढंच राहील.
गुडघ्याएवढं चालेल, म्हटलं.