लक्षणं काही दिसत नाहीत

आण्णा,

त्या एका कॉफीची खरी किंमत तुम्हाला सांगतो. पैशात काहीच नाही, आसारीनेच पाजली. पण ती प्यायला मी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला, त्यानेही ओढला, आणि जॉर्ज टाउनमधल्या त्याच्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही दोघं फुंकर मारत पाव तास बसलो. त्या पाव तासाचे पुढे चौदा दिवस झाले. चौदा दिवस, एक बंद दार, आणि दाराच्या पलीकडे तुमची बायको, ब्याऐंशी वर्षांची काकी, एकटी.

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे थोडं मागचं सांगायला हवं. तुमच्या माघारी एक रोग आलाय. श्वासातून लागतो, म्हाताऱ्यांना जास्त धरतो, आणि ज्याच्या अंगात आहे त्याला कित्येकदा पत्ताच नसतो. आसारी म्हणजे आपल्या दुकानात घासकामात पडलेला सोन्याचा चुरा गाळायला आणायचा त्या सोनाराचा मुलगा. आता तोच आजोबा झालाय. कॉफीनंतर चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "सेठ, मला पॉझिटिव्ह आलंय. पण तुम्ही काळजी करू नका, त्यांनी कोणाकोणाला भेटलात विचारलं तेव्हा तुमचं नाव मी घेतलं नाही. तुमच्या दारावर पाटी नको लागायला." केवढा उपकार केल्यासारखं बोलला बिचारा. आणि मी फोन हातात धरून एवढंच मोजत होतो, की या तीन दिवसांत काकीच्या डोळ्यांत मी किती वेळा औषध घातलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तोंडाला तोंड लागेल इतकं वाकून. नऊ वेळा.

घरात आम्ही दोघंच होतो. बायको पोरीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिथेच अडकली. मी आतल्या खोलीत शिरलो, कडी लावली आणि आतून ओरडून काकीला सगळं सांगितलं. तीही ओरडून म्हणाली, "मग डोळ्यांत औषध कोण घालणार?" म्हटलं, तूच घाल. "माझ्याच्यानं नेम लागत नाही," म्हणाली. पुढचे चौदा दिवस ते औषध तिच्या गालांना लागलं असणार.

मी मात्र तसा धीट होतो, कारण माझे कान. तुम्हीच तयार केलेले. सोन्याचांदीची लगड फरशीवर टाकली की आवाजावरून तिच्या पोटात काय आहे ते मी सांगायचो, आणि अजून कान तसेच आहेत. वेलचेरीच्या या बिल्डिंगमध्ये खोलीत पडल्या पडल्या लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली ते मी सांगू शकतो. पोरं पैज लावायची आणि हरायची. तेव्हा मी ठरवलं, दार बंद तर बंद, काकीची राखण कानांनी करायची. आमची खूण ठरली. रोज सकाळी मी हाक मारायची आणि ती काठीने दारावर दोनदा टकटक करणार. दोन म्हणजे ठीक. समोरच्या तंजावरच्या मराठी बाई दाराला डबा अडकवून जायच्या. त्यांचं ते जुनं, तमिळ हेलाचं मराठी तुम्हाला आवडायचं. फोनवर मला सांगायच्या, "भिऊ नका हो, बाईंस ज्वर नाही. मी विचारिलें." काकी त्या डब्यातलं ताटात वाढून दाराशी ठेवायची आणि लांब जायची. मग मी दार उघडायचो.

राहिली चाचणी. मला झालंय की नाही एवढं कळलं, की पुढचं ठरवता येणार होतं. झालं असेल तर काकीला लगेच डॉक्टरांकडे न्यायची, नसेल तर दार उघडायचं. इतकी सरळ गोष्ट. मी पहिल्या लॅबला फोन लावला.

"सिम्प्टम्स इरुक्का, सार?" लक्षणं आहेत का.

"इल्ले," म्हटलं. नाहीत.

"मग टेस्ट कशाला, सार?"

"अम्मा, ज्याच्याबरोबर बसलो त्याला झालंय. घरात म्हातारी आहे."

"लिस्टमध्ये नाव आहे का?"

लिस्टमध्ये नाव नव्हतं, कारण आसारीने माझ्यावर उपकार केला होता. दुसरीकडे म्हणाले डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टर मोबाइलवर दिसले, त्यांनी मला जीभ काढायला लावली आणि म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात, लक्षणं आली की फोन करा. सरकारी नंबरावरची मुलगी फार गोड बोलली. तिनेही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं, आणि ती म्हणाली, "सूपर सार, देवाची कृपा." एका सराफाचा भाचा एका लॅबमध्ये आहे, त्यालाही गाठला. तो म्हणाला, "अंकल, किट कमी आहेत, लक्षणंवाल्यांनाच पुरत नाहीत. एकदा तरी खोका ना." मला खोकता येईना, आण्णा. तरणाबांड असल्यासारखं माझं अंग त्या दिवसांत हलकं होतं.

लक्षणं, लक्षणं, लक्षणं. दिवसभर तोच शब्द कानावर पडायचा आणि मला तुम्ही आठवायचा. दहावीला दोनदा नापास होऊन, पत्र्याची पेटी घेऊन मी तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभा आहे. तुम्ही भात्यावरून मान वर करून मला खालपासून वरपर्यंत बघता आणि आत काकीला ऐकू जाईल असं म्हणता, "आलंय बघ गावाकडनं. लक्षणं काही बरी दिसत नाहीत." पुढे बारा वर्षं, मूस फुटली की, तेजाब सांडलं की, मी रविवारी मॅटिनीला पळालो की तेच वाक्य. आणि आता बेचाळीस वर्षांनी या शहरात मी दारोदार फोन करतोय आणि कुणालाच माझ्यात एकही लक्षण सापडत नाही. जन्मभर लोकांच्या मोडीच्या दागिन्यांचा टंच काढून दिला, खरं किती, भेसळ किती ते चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि माझा टंच काढायला कुणी तयार नाही. हा विनोद सांगायलाही खोलीत कोणी नव्हतं. भिंतीला सांगून बघितला.

दुपारी चार वाजता मात्र बरं वाटायचं. चारला काकीच्या सपाता घासत दारापर्यंत यायच्या, खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा, आणि मग काही नाही. ती तिकडे गप्प बसलेली. मला वाटायचं रुसली असेल, किंवा बोलून बोलून दमली असेल. मीही अलीकडे दाराला पाठ लावून फरशीवर बसायचो. मध्ये सागवानी फळी. तीही काही बोलत नाही, मीही नाही. अर्ध्या तासाने खुर्ची परत जायची. मला ते आवडायला लागलं होतं, खरं सांगतो. दिवसभर मी त्या अर्ध्या तासाची वाट बघायचो. सोबत म्हणजे तेवढीच होती.

तसंच एकदा बसलो असताना ती राणीछाप रुपयेवाली बाई आठवली. तुम्ही विसरला नसाल. बाई नेसत्या लुगड्याच्या पदरात बारा रुपये बांधून आली होती, मुलाला दवाखान्यात ठेवलेलं. तुम्ही जेवायला गेला होता. मी एकेक रुपया फरशीवर टाकला, कान लावला, आणि तीन बाजूला काढून म्हटलं, "हे खोटे." बाई म्हणाली आईच्या वेळचे आहेत. मी म्हटलं, आई फसली असेल. ती रडत पायऱ्या उतरत असताना तुम्ही हात धुऊन आलात. तिला परत बोलावलंत, कानशीने कड घासलीत, कसोटीवर रेघ ओढलीत, तेजाबाचा थेंब सोडलात. तिन्ही शंभर नंबरी. त्यांना केसाएवढी चीर गेलेली, म्हणून नाद येत नव्हता. तिच्यासमोरच तुम्ही मला म्हणालात, "आवाज गेला म्हणून चांदी जाते का रे? कानाला तुझं ऐकायची सवय आहे. दगडाला विचारत जा." मला तिच्या पाया पडायला लावलंत. महिनाभर माझ्याशी धड बोलला नाहीत, आणि एक दिवस तुमचा स्वतःचा कसोटीचा दगड माझ्यापुढे ठेवलात. तो दगड या खोलीत टेबलावरच आहे. चौदा दिवस आम्ही एकमेकांकडे बघितलं.

नवव्या दिवशी मी शेवटचा फोन लावला. ही मुलगी नवी असावी, समोरच्या कागदावरून एकेक प्रश्न वाचत होती. ताप? इल्ले. खोकला? इल्ले. दम? इल्ले. मग म्हणाली, "वासनै तेरियुदा, सार?" वास येतो का.

 आण्णा, तुमचं नाक तेजाबाच्या वाफेने नेलं, माझंही नेलं. तीस वर्षं झाली. दूध करपलं तरी आपल्या दोघांना कळायचं नाही, काकीच आतून ओरडत यायची, "दोन दोन पुरुष बसलेत आणि एकाला नाक नाही!" आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी बोललो नव्हतो.

"तेरियलै, अम्मा," म्हटलं. "अजिबात येत नाही."

तिचा आवाज एकदम बदलला. "किती दिवसांपासून, सार?"

"बरेच दिवस झाले."

खोटं एक अक्षर नव्हतं. पण खोट्या रुपयाला चांगला नाद यावा तसं ते वाजलं, ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी पांढरा झगा घातलेला माणूस आला, नाकात आणि घशात काडी घालून गेला. मी त्याला म्हटलं, तंबी, बाहेर पाट्टी आहे, म्हातारी आजी, तिचंही घे. त्याने हातातला कागद बघितला. "नाव नाही, सार. पाट्टीला सिम्प्टम्स आहेत?" मी आतून ओरडून काकीला विचारलं. तिने काठीने दोनदा टकटक केलं. तो गेला.

रिपोर्ट चौदाव्या दिवशी आला, म्हणजे तो नसता आला तरी दार दुसऱ्या दिवशी उघडणारच होतं. निगेटिव्ह. काल सकाळी मी बाहेर आलो. काकी ओट्याशी उभी होती. वाळली होती. मी तिच्या डोळ्यांत औषध घातलं, नेम धरून, आणि सहज म्हटलं, "काकी, चार वाजता येऊन बसायचीस, पण एक शब्द बोलायची नाहीस. एवढी रागावलीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. आता तिचा आवाज पार बसलाय, कुजबुजल्यासारखं बोलते. म्हणाली, "मी बोलत नव्हते? रोज बोलत होते की. तूच हूं का चूं केलं नाहीस. मधे तीन दिवस अंग कढत होतं, तोंडाला चव नव्हती, ते तुला सांगितलं. समोरच्या बाईला नाही सांगितलं, डबा बंद केला असता तिनं. तुलाच सांगितलं. तू काही बोलला नाहीस, म्हटलं बरं झालं, पोरगं घाबरलं नाही."

म्हणजे मी ज्या लक्षणांसाठी गावभर फोन करत होतो, ती माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती, आण्णा. मध्ये बोटभर जाडीची फळी. काठीच्या टकटकीबद्दल विचारलं तर म्हणाली, "तुला ठीक वाटावं म्हणून वाजवायची होती ना? मग वाजवली."

ती आता बरी आहे. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या, भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडली. माझ्यामुळे तिला तेच झालं होतं की साधाच ताप, हे आता कुठल्याच दगडावर घासून कळणार नाही. माझा रिपोर्ट दहाव्या दिवसाचा. आधीचं त्याला विचारून उपयोग नाही. तिचा टंच निघालाच नाही. आज चारला मी दिवाणखान्यात खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवून टाकली आणि तिला म्हटलं, तेच सगळं परत सांग. ती म्हणाली, "आता कशाला?" मग सांगितलं. निम्मं तिच्या ओठांकडे बघून कळलं.

हे पत्र तुमच्या दगडाखाली ठेवतोय, दुसरीकडे कुठे ठेवायचं? फक्त वर कानांबद्दल लिहिलं त्यात एक दुरुस्ती करतो. कानाच्या डॉक्टरांनी मला दोन वर्षांपूर्वीच मशीन लावायला सांगितलंय, ती चिठ्ठी मी कुणाला दाखवली नाही. आणि पुराच्या पाण्यात जुनी लिफ्ट गेल्यावर बिल्डिंगमध्ये नवी बसवली, ती प्रत्येक मजल्याला थांबली की मजल्याचा आकडा मोठ्याने बोलते.