नातीच्या उरावर मी पाय दिला नाही

माय, आज तुझी पणती धावली. हे आधीच सांगते, न्हाईतर मी शेळीसारखी ह्या झाडाचा त्या झाडाचा पाला ओरबाडत बसेन. पंतोजींच्या ओट्याखाली शिकलेली चार अक्षरं आज लई दिवसांनी हातात धरली, ती वाकडी येतात ते सोसून घे.

माझी ही नात मागं कोकरू धरायला मेंढरांच्या वाघरीत, जाळीच्या वाड्यात, शिरली आणि एडक्यानं तिच्या उरात धडक दिली. वरून खरचटलंसुद्धा नाही, पण पोरगी पांढरीफटक, घामानं निथळलेली. लेक गाडी जुंपू लागला तर जाऊबाई म्हणती, "बाई, घरात पायाळू असताना बीडच्या दवाखान्यात कावून जायचं? उरावरून पाय फिरवा की तुमी." तिचंही खरंच. मी पायाकडून जन्मलेली, पाठीत उसण भरली की अजून गाव माझ्या पायाखाली येऊन निजतं. लेकही थबकला. "आये, लाव की पाय," म्हणाला. सगळे माझ्या पायाकडं बघायला लागले.

आणि मला तू दिसलीस. तू चुलीपुढं भाकरी थापतीस. शेजारीण पोराला घेऊन येती, मोटेच्या बैलानं त्याच्या छातीत लाथ घातलेली. मी परकरी पोर ऐटीत पाय उचलते, आणि तू पिठाच्या हातानं माझी टाच धरतीस. "उसण हाय का ती? पाठीचं औषध उराला लावतीस? आत काळीज हाय, दगड न्हाई." मग त्याच्या छातीला कान लावून म्हणालीस, "अडखळतंय गं. निजवा त्याला, हलवू नका." पायाळूला मिळायचा तो गुळाचा खडा माझा त्या दिवशी बुडाला, म्हणून मी तुझ्यावर रुसले होते. ते पोरगं आता नातवंडं खेळवतंय.

मी नातीच्या छातीला कान लावला. अडखळत होतं. गाडीत मांडीवर निजवून नेली. दवाखान्यातल्या डाक्टरसाहेबांनी नळी लावून लई वेळ ऐकलं. "अम्मा, हड्डी सलामत है, दिल कू मार लगा. दौड़ने नक्को देव." लेकानं मला ते मराठीत सांगितलं, काळजाला मार लागलाय, पळू द्यायचं न्हाई म्हणून, पण तोंडावरूनच कळलं होतं.

सगळा हिवाळा पोरगी बाजेवर. मला म्हणायची, "आज्जे, तू आज्जी हायस का चौकीदार?" आज पुन्हा गेलो. साहेबांनी ऐकलं आणि हसले. "अब दौड़ने देव." ती दवाखान्याच्या आवारात अशी सुटली, माय, झिपऱ्या मोकळ्या, लिंबाला फेरी मारून परत लिंबाकडं.

हा कागद कुठं धाडू, तू गेलीस, आता तुला गाव न्हाई. घडी करून उतरंडीत ठेवते. गावात सगळ्यांना सांगितलं की मी निवांत पायरीवर बसून बघत होते. खरं तर लुगडं खोचून मीही तिच्या मागं पळत होते, पडली तर झेलायला. तिनं वळून विचारलं तर म्हटलं, गाडीचा बैल सुटलाय वाटलं. बैल बांधलेलाच होता, रवंथ करत.